आजीचा ‘निया खडा’: मोडीत द्यायचा की ठेवायचा?

दारव्ह्याची लेक

नमस्कार मंडळी. दारव्ह्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर आमचं खेडं. पोळ्याच्या दोन दिवस आधी आजी गेली. तेरवी झाल्यावर आईने तिची लाकडी पेटी उघडली. एक डोरलं, चांदीचे कडे, आणि जुन्या लुगड्याच्या पदराला गाठ मारून ठेवलेली अंगठी, एवढंच त्यात होतं. अंगठी सोन्याची, वर निळा खडा. आजी त्याला ‘निया खडा’ म्हणायची. ‘ळ’ तिच्या तोंडात कधी आलाच नाही. डोया, काया, निया. ‘नीलम’ हा शब्द मी तिच्याकडून एकदाही ऐकला नाही.

मी लहानपणापासून ही अंगठी तिच्या बोटात पाहिली. शेवटची दोन वर्षं सांधे सुजले म्हणून तेवढी उतरवली होती. कापूस वेचताना, तूर सोंगताना, चुलीतल्या राखेने आणि वाळूने भांडी घासताना ती बोटातच असायची. वेचणीत बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून निघायची आणि त्या रक्ताळलेल्या बोटावर हा निळा ठिपका. तळहाताकडची सोन्याची पट्टी इतकी झिजली आहे की तार झाली आहे, जोराने दाबली तर मोडेल. खड्याच्या कडा मात्र आजही बोटाला लागतात.

रंग सांगायचा तर जवसाच्या फुलाचा. सकाळी आठ-नऊ वाजता जवसाचं वावर फुललेलं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना कळेल. शाईसारखा गडद नाही. घरात असं सांगतात की पणजोबांनी एका चांगल्या सालात कापूस विकून मुंबईहून आणली. कागद वगैरे काही नाही.

तालुक्याच्या सराफाकडे नेली. त्याने भिंगसुद्धा काढलं नाही. अंगठी आडवी धरली आणि म्हणाला, “बाजूनं पाहा, पांढरा आहे. काच आहे ही. खड्याचं वजन वजा करून सोन्याचे पैसे देतो, नाहीतर मोड देऊन नवीन हलकी अंगठी घडवून घ्या.” मी खरंच आडवी धरून पाहिली. बाजूने खडा जवळजवळ पांढरा दिसतो आणि वरून निळा. त्या दिवशी घरी येताना एसटीत मला रडू आलं.

त्यात आत्याचं म्हणणं वेगळंच. हा शनीचा खडा, घरात ठेवू नका, आजोबा त्यामुळेच लवकर गेले. आत्या अंगठीला हातही लावत नाही.

मला विकायची घाई नाही. पण काच असेल तर आजी पन्नास-साठ वर्षं काच घालत होती का, हे मला कळायला हवं. आणि खरा असेल तर ती झिजलेली पट्टी कशी वाचवायची? जाणकारांनी सांगावं.

अकोटकडचा शेतकरी

ताई, मोडू नका. आमच्या घरीबी असाच निया खडा होता, बाबाच्या मामानं देल्ला होता. बाबानं तीन राती उशाखाली ठेवला, वाईट सपन पडलं नाई, म्हणून बोटात घातला. त्याच सालात आमचा बैल मेला अन् सोसायटीचं कर्ज थकलं. मायनं अंगठी नेऊन पूर्णेच्या डोहात सोडून देल्ली.

बैल घटसर्पानं मेला होता. त्याच हप्त्यात गावातले आणखी चार बैल मेले. त्यायच्या घरी कोणाजवळ निया खडा नोता. हे मले मोठं झाल्यावर समजलं, तवा बाबा राह्यले नोते. आता मले तो खडा कसा दिसे तेबी आठवत नाई, फक्त बाबाचं बोट आठवते. तुमच्या आत्याले काही म्हणू नका, त्यायच्या मनात भेव आहे. पण खडा जाऊ देऊ नका.

सोनाराचा नातू

ताई, मी खामगावकडचा. आमच्या घराण्यात चार पिढ्या सोनारकी होती. मी स्वतः आता शाळेत शिकवतो, पण बारा वर्षं आजोबांच्या शेजारी बसून काम केलं आहे, आणि जुन्या नीलमांचा मला मनापासून नाद आहे. तुमचं लिहिणं वाचलं आणि ‘बाजूनं पांढरा, वरून निळा’ इथेच माझे कान टवकारले.

सराफाने ज्या गोष्टीवरून काच ठरवली, तीच गोष्ट मला तुमच्या बाजूची वाटते. श्रीलंकेत, म्हणजे जुन्या सिलोनमध्ये, रत्नपुरा भागात जमिनीखालच्या खडीच्या थरात नीलम सापडतो. तिथल्या कच्च्या खड्यात रंग बरेचदा सगळीकडे सारखा नसतो. बराचसा खडा पाण्यासारखा आणि कुठेतरी एका कोपऱ्यात निळा डाग. पैलू पाडणारा कारागीर तो खडा हातात घेऊन आधी रंग कुठे बसला आहे ते शोधतो. मग खडा अशा बेताने घासतो की तो निळा डाग नेमका बुडाशी, टोकाजवळ यावा. वरून पडलेला उजेड बुडापर्यंत जाऊन परत वर येतो आणि येताना तो निळा घेऊन येतो, म्हणून समोरून अख्खा खडा निळा दिसतो. आडवा धरला की गुपित उघडं पडतं. काच कारखान्यात ओतताना रंग सगळीकडे सारखाच मिसळतो, तिला हे करायची गरजच पडत नाही.

जुन्या नीलमात मला सगळ्यात जास्त भावतं ते हेच. कोणीतरी एक माणूस, नाव माहीत नाही, चाकासमोर बसून ठरवतो की एवढाच निळा आहे, तो कुठे ठेवू. जुने खडे पाहा, पैलू एकसारखे नसतात, एक बाजू जरा फुगीर, पोट खोल. वजन वाया जाऊ नये म्हणून पोट तसंच ठेवायचे. आजच्या काटेकोर मापाच्या खड्याशेजारी ठेवला तर तो ओबडधोबड वाटेल, पण दिव्याच्या उजेडात बघा. फार गडद नीलम पिवळ्या उजेडात काळा पडतो. जवसाच्या फुलासारखा फिका सिलोनी खडा कंदिलासमोरही निळाच राहतो. तुमच्या आजीने तो कंदिलाच्या उजेडात किती वर्षं पाहिला असेल!

आता खात्री कशी करायची ते सांगतो. आधी अंगठी उलटी करून पाहा. खड्याच्या मागे सोनं उघडं आहे की बंद? बंद असेल तर पाण्यात मुळीच घालू नका, कारण आत चमकीचा पातळ पत्रा असू शकतो. उघडं असेल तर पांढऱ्या चिनी मातीच्या वाटीत पाणी घ्या, अंगठी त्यात बुडवा आणि दिवसाच्या उजेडात सगळ्या बाजूंनी बघा. पाण्यात पैलूंची चमक मरते आणि रंग कुठे आहे ते स्पष्ट दिसतं.

काच नसावी याचा एक पुरावा तर तुम्हीच लिहिला आहे. वाळूत गारेचे कण असतात. त्यांचा कठीणपणा मोजपट्टीवर ७, काचेचा साडेपाचच्या आसपास, नीलमाचा ९. राख-वाळूने भांडी घासणाऱ्या बोटात काच इतकी वर्षं असती तर तिच्या कडा केव्हाच गोल झाल्या असत्या आणि अंगावर चरे पडून ती आंधळी झाली असती. सोनं झिजून तार झालं आणि खड्याच्या कडा अजून बोटाला लागतात, म्हणजे तो गारेपेक्षा कठीण आहे. नीलम म्हणजे कुरुंदच. विळे-सुऱ्या परजायला ज्या कुरुंदाच्या दगडाचं नाव आपण घेतो, त्याच खनिजाचा पारदर्शक स्फटिक. त्यात लोह आणि टायटॅनियम अगदी किंचित मिसळलं की निळा होतो, क्रोमियम मिसळलं की माणिक.

पण इथे एक धोका आहे आणि तो लपवून मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. अंगठी जुनी आहे म्हणजे खडा खाणीतलाच, असं होत नाही. फ्रान्समधल्या ऑग्युस्त व्हर्नुय या रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली ज्योतीत भुकटी वितळवून माणिक तयार करायची पद्धत जाहीर केली आणि १९१० च्या सुमारास त्याच पद्धतीने निळा खडाही बनू लागला. तो रासायनिकदृष्ट्या नीलमच असतो, कठीणपणाही तोच. १९२०-३० च्या दागिन्यांत तो भरपूर सापडतो. म्हणजे तुमच्या पणजोबांच्या काळात तो मिळत होता. फरक भिंगातून कळतो. ज्योतीतल्या खड्यात रंगाच्या रेषा वक्र असतात, ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या चऱ्यांसारख्या, आणि कधी बारीक बुडबुडे दिसतात. खाणीतल्या स्फटिकाची वाढ षटकोनी असते, त्यामुळे त्याच्या रेषा सरळ असतात आणि कोन करून वळतात. गावातल्या घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे दहापटीचं भिंग असेल तर ते चालेल.

आणखी एक. १९७० नंतर फिके, दुधाळ खडे भट्टीत दीड हजार अंशांच्या वर तापवून निळे करायची पद्धत फोफावली. त्या आचेत खड्यातल्या केसासारख्या बारीक सुया, ज्यांना जाणकार ‘रेशीम’ म्हणतात, विरघळून जातात. त्याआधीच्या दागिन्यात शाबूत रेशीम असलेला खडा मिळाला तर लोक त्याला वेगळा मान देतात. आजकाल जुन्या नीलमाची एवढी ओढ आहे त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

कोणी तुम्हाला ‘हा काश्मिरी आहे’ म्हणून भुलवलं तर हुरळू नका. काश्मिरात पाडरच्या डोंगरात, साडेचार हजार मीटरच्या आसपास उंचीवर, १८८१ च्या सुमारास दरड कोसळली आणि नीलम उघडा पडला. पाच-सहा वर्षांत चांगला माल जवळजवळ संपला. तो मखमली निळा जगात फार थोड्यांकडे आहे. सिलोनी असण्यात काही कमीपणा नाही. इंग्लंडच्या डायनाला १९८१ साली साखरपुड्यात मिळालेल्या अंगठीतला १२ कॅरटचा खडा सिलोनचाच.

वर्ध्याची मावशी

वरच्या दादांनी बंद कोंदणाचं सांगितलं ते मनावर घे गं बाई. माझ्या सासूबाईंचं नवरत्नाचं पदक होतं, मागून सोन्याने बंद. दिवाळीत मी हौसेने रिठ्याच्या पाण्यात रात्रभर भिजत टाकलं. सकाळी नीलम आणि पाचू दोन्ही काळे. खड्यांना काही झालं नव्हतं, मागचा पत्रा पाणी पिऊन मेला होता. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, पण ते पदक त्यांनी पुन्हा गळ्यात घातलं नाही. ही गोष्ट एकोणतीस वर्षांपूर्वीची आहे आणि आजही दिवाळीत रिठे भिजवताना माझ्या पोटात गोळा येतो.

आणि ज्या सराफाने भिंग न काढता निवाडा दिला त्याच्याकडे पुन्हा जाऊ नकोस.

दारव्ह्याची लेक

सगळ्यांचे खूप आभार. अकोटच्या दादांचं वाचून आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

कोंदण मागून उघडं आहे, चार वेळा पाहिलं. मग आईची पांढरी वाटी घेऊन अंगणात बसलो. दादा, तुम्ही लिहिलंत तसंच आहे! पाण्यात खडा जवळजवळ नाहीसा झाला आणि बुडाशी फक्त एक निळा ठिपका उरला, ज्वारीच्या दाण्याएवढा. आई म्हणाली, दुधात शाईचा थेंब पडावा तसा. अंगठी हळूहळू वळवून वरची बाजू समोर आणली की तोच ठिपका पसरून सगळा खडा निळा होतो. आम्ही दोघी अर्धा तास तेच करत होतो.

घड्याळवाल्याच्या भिंगातून रेषा दिसायला वेळ लागला. आधी काहीच कळेना. मग खिडकीकडे तोंड करून तिरपी धरली तेव्हा फिक्या भागात दोन-तीन पट्टे दिसले. सरळ आहेत, आणि एका जागी वळतात ते मधमाशीच्या पोळ्याच्या कोपऱ्यासारखे. गोलाई कुठेच नाही. एका कडेला धुकं असावं तसं काहीतरी आहे, त्यात केसासारख्या रेघा. हेच ते रेशीम का?

आत्याला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, खरा असेल तर जास्तच वाईट. यावर काय बोलावं?

सोनाराचा नातू

सरळ पट्टे आणि कोपरा, म्हणजे खाणीतला. धुक्यातल्या रेघा बहुतेक रेशीमच. कागदोपत्री खात्री हवी असेल तर मुंबईच्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या प्रयोगशाळेत दाखवा, खडा तापवलेला आहे की नाही तेही ते तपासतात. विकायचा नसेल तर घाई नाही.

आत्यांसाठी एक विचारतो. आजी अंगठी कोणत्या बोटात घालत होत्या? शनीसाठी नीलम घालतात तो मधल्या बोटात, शनिवारी, विधी करून. आमच्या दुकानात असे खडे पुष्कळ बसवले, गिऱ्हाईक बोटाचं माप देतानाच मधलं बोट पुढे करायचं.

आता पट्टीचं. ही दुरुस्ती जपून करा, कारण नीलम बिघडतो तो इथेच. डाग देताना, म्हणजे आचेवर सोनं सांधताना, सोनार टाकणखार (बोरॅक्स) लावतो. तो खड्यावर गेला आणि वर आच लागली तर नीलमाचाही पृष्ठभाग खातो, मग चकाकी पुन्हा पैलू घासल्याशिवाय येत नाही. म्हणून खडा आधी कोंदणातून काढायचा आणि मगच आच द्यायची. जो सोनार ‘खडा राहू द्या, काही होत नाही’ म्हणेल, त्याच्याकडून अंगठी परत घ्या. वरचं कोंदण जसंच्या तसं ठेवून फक्त खालची अर्धी पट्टी नवीन लावायला सांगा, जुन्या सोन्याच्या टंचाशी, म्हणजे शुद्धतेशी, जुळणारी.

शक्यतो म्हातारा सोनार शोधा. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणात १४ कॅरटपेक्षा चांगल्या सोन्याचा नवीन दागिना घडवायला बंदी आली तेव्हा खेड्यापाड्यांतली कितीतरी दुकानं बसली. माझे आजोबा दोन वर्षं दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जात होते. त्या काळात जे टिकले ते जुन्याची दुरुस्ती करून टिकले. जुना दागिना हातात कसा धरायचा हे त्यांना आणि त्यांच्याजवळ शिकलेल्यांना ठाऊक असतं.

खडा सुटा होईल तेव्हा एक संधी सोडू नका. सोनाराकडे मिलिग्रॅम दाखवणारा काटा असतोच. आधी खडा कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि खडा बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळत धरा, तळाला टेकू देऊ नका. जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. नीलमाचं उत्तर ४ च्या आसपास येतं, काचेचं साधारण अडीच ते तीनच्या दरम्यान.

दारव्ह्याची लेक

उशीर झाला, कापसाची वेचणी सुरू होती.

आजी अंगठी करंगळीशेजारच्या बोटात घालायची. मधल्या बोटात कधीच नाही. हे मी आत्याला विचारलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “हो व माय, मधलं बोट रिकामंच राहे तिचं.” आणि मग स्वतःहून सांगितलं की लहानपणी ताप आला की आजी तिच्या कपाळावर हात ठेवायची तेव्हा तो खडा थंडगार लागायचा. हे तिने आम्हाला याआधी कधीच सांगितलं नव्हतं.

शेजारच्या गावात एक सत्तरीपुढचे सोनारकाका आहेत, दुकान नाही, ओसरीवर बसून काम करतात. त्यांना खडा काढून काम करा म्हणायची वेळच आली नाही, त्यांनी अंगठी हातात घेतली आणि पहिलं वाक्य तेच बोलले. कोंदणाची कड बारीक पोलादी टोचणीने उचलायला त्यांना पाऊण तास लागला. खडा निघाला तेव्हा खाली काळा मळ थापलेला होता, इतक्या वर्षांची राख, पीठ, साबण. काकांनी तो मऊ कुंचल्याने कागदावर झटकला आणि खडा कोमट पाण्यात धुतला. एवढा उजळ मी तो कधीच पाहिला नव्हता.

मग तोलला. कोरडा ६२० मिलिग्रॅम. म्हणजे ३.१ कॅरट. काकांनी कुंपणावरच्या गुंजा डबीत ठेवल्या आहेत, त्या मला दाखवायला जुन्या ताजव्यात टाकल्या. पाच गुंजा आणि किंचित वर. पाण्याचा आकडा १५५. भागाकार मी तिथेच मोबाईलवर केला. बरोबर ४.

काकांनी पट्टी जोडली, खडा परत बसवला, वरचं कोंदण जसंच्या तसं आहे. डागाची जागा आत बोट फिरवलं तरी लागत नाही. मजुरी विचारली तर म्हणाले, सोन्याचे द्या, कामाचं नंतर पाहू. मी दिली.

अंगठी मला सैल होते. आजीची बोटं माझ्यापेक्षा जाड होती, कामाची. काका म्हणाले माप कमी करून देतो. मी नको म्हटलं, आतून दोरा गुंडाळून घालते. परवा आत्या आली होती. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली, खिडकीपाशी नेऊन आडवी धरली आणि मला हाक मारली, “ये इकडं, दाखव मले तो ठिपका कुठं आहे.”